टांग्यात ती, मागून आप्पा

हे लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि संगीतातलं मला टाळांपलीकडे काही कळत नाही. ज्यांना कळतं त्यांनी आप्पांवर लिहायला हवं होतं. पण आप्पांचं वाजवणं कधी कुणाला ऐकूच गेलं नाही, हीच तर त्यांची जन्माची तक्रार होती. म्हणून चुकतमाकत मीच लिहितो.

आमच्या कंग्राळीत त्यांना कणगीआप्पा म्हणत. बेळगावच्या कॅम्पात साहेबांच्या क्लबात ते डबल बास वाजवत. डबल बास म्हणजे फिडलीचा थोरला भाऊ. उभा केला की माणसाहून उंच, पोट भाताच्या कणगीएवढं, आवाज जमिनीखालून आल्यासारखा. गावानं त्याला कणगीच म्हटलं, आणि ते वाद्य कायमचं 'ती' होऊन बसलं.

सरावासाठी ते तिला अधूनमधून घरी आणत. टांगेवाला म्हणे, "आप्पा, एक तर तुमी बसा, न्हायतर ही बसंल." आप्पा तिला बसवत आणि स्वतः मागून चालत, एक हात तिच्या मानेवर. त्यांची बायको, आमच्या आक्का, दारातूनच म्हणत, "मला लग्नात बैलगाडी, आनि हिला टांगा व्हय?"

आप्पा क्लबात लागले ते दूध घालायला गेले म्हणून. तिथले बँडमास्तर गोव्याचे. आधीचा वाजवणारा सोडून गेला होता, आणि दारात हा सहा फुटी माणूस चरवी घेऊन उभा. आप्पा सांगत, "त्येंनी माजा गळा तपासला न्हाय, कान तपासला न्हाय. नुसती उंची बघितली. आमी बैल घेताना दात तरी बघतो."

साहेबांच्या शास्त्रीय चिजा लांबलचक असत. त्यात सगळ्यांत अवघड काय, असं मी एकदा भीतभीत विचारलं. "गप उभं ऱ्हाणं," ते म्हणाले. "बाकीचे वाजवत्यात, आपण गप ऱ्हायाचं, आनि बरोबर आपल्या जागेवर आत शिरायचं. म्हशीमागं हिंडल्याल्या माणसाला जमतंय ते." म्हशीवरून आठवलं. सराव गोठ्यात चाले, आणि आप्पांनी खालची तार ओढली की त्यांची म्हैस हटकून उत्तर देई. आक्का म्हणत, "चला, एक तरी ऐकणारं हाय."

एकदा आक्का क्लबाच्या कुंपणाबाहेर उभ्या राहून सगळा कार्यक्रम ऐकून आल्या. आप्पांनी मोठ्या आशेनं विचारलं, "काय ऐकलंस?"

"बाकीचे वाजवत होते. तुमी उभं होता."

"अगं, घराचा पाया कधी कुनाला दिसतोय व्हय?"

"म्हणून तर हळदकुंकू उंबऱ्याला लावत्यात," आक्का म्हणाल्या, "पायाला न्हाय."

आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. आक्कांनाही ते लागलं असावं, कारण पुढच्या खंडेनवमीला त्यांनी नांगर, कुऱ्हाड, विळे यांच्या ओळीत तिला सगळ्यांत मधे उभं केलं. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. ती वाजवायच्या गजाला घोड्याचे केस असतात. ते हाताला खरखरीत लागले, म्हणून विळ्यांबरोबर त्यांनाही करडईचं तेल चोपडलं, अगदी निगुतीनं. आता गज तारेला धरतो तो राळेमुळे. केसांवर राळ घासून घासून तो खरखरीत केलेला असतो. तेल लागलं की तो नुसता घसरतो, आवाज म्हणून निघत नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा, आणि क्लबात मोठा कार्यक्रम. आप्पांनी पहिल्यांदा गज ओढला तेव्हाच त्यांना कळलं. पण मधेच थांबायचं कसं? त्यांनी शेवटपर्यंत गज हलवला. आवाज नाही, नुसता घाम. कार्यक्रम संपल्यावर मास्तर जवळ आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या कोकणीत म्हणाले, "आप्पा, आयज तुवें बरें वाजयलें."

घरी आता भांडण होणार म्हणून आम्ही शेजारी कान देऊन होतो. पण आप्पा आक्कांना एवढंच म्हणाले, "तेल लावल्यालं कुनाला कळलं न्हाय. मग इतकी वर्सं राळ लावल्याली तरी कुनाला कळली आसंल व्हय?" पुढे पुष्कळ दिवस ती घरी आली नाही.

लढाईच्या काळात साहेब पांगले आणि क्लबातलं वाजवणं बंद पडलं. मास्तर गोव्याला निघाले. ती त्यांच्या मोटारीत मावेना, म्हणून आप्पांची झाली. आप्पा तिला घेऊन गावच्या भजनात आले तेव्हा बुवा म्हणाले, "आप्पा, देवळात रेडा नगं." मग बरीच रदबदली होऊन, मागं खांबाआड उभं राहायचं आणि मोठ्यानं वाजवायचं नाही, या अटीवर परवानगी मिळाली. आमच्या मंडळात पेटी नव्हती. दर अभंगाला स्वर थोडाथोडा वर सरके, आणि त्याला आम्ही रंग चढला म्हणायचो. आप्पा खांबाआडून एकच खालचा सा धरून राहत. त्यांना कुणी चांगलं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. पुढे मी कोल्हापूरला शिकायला गेलो.

परवा वडील भाकऱ्या घेऊन खोलीवर आले. बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "कणगीआप्पा गेले रं." दम्यानं थकले होते. लेकीनं त्यांना खानापूरला नेलं होतं, आक्काही बरोबर होत्या. ती मात्र देवळात खांबाआडच राहिली होती.

मग वडिलांनी मागचं सांगितलं. आप्पा खानापूरला गेले त्याच आठवड्यात मंडळी भजनाला बसली, तर स्वर पूर्वीसारखा चढतच गेला. तिसऱ्या अभंगाला बुवांचा आवाज फाटला. बुवांनी गाणं थांबवलं आणि मागं वळून खांबाकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता रेल्वेनं खानापूरला गेले, वडिलांना तेवढं सोबत घेऊन.

आप्पा अंथरुणावर होते. बुवा उशाशी बसून म्हणाले, "आप्पा, तुमच्याबिगर भजन बसंना झालंय."

आप्पांनी कानाला हात लावला. "काय म्हणालासा?"

बुवांनी परत सांगितलं, जरा मोठ्यानं.

"ऐकू येईना बुवा."

बुवा बिचारे वडिलांकडं बघू लागले. तेवढ्यात चुलीपुढून आक्का म्हणाल्या, "सांगा बुवा आनि एकदा. त्येस्नी ऐकू आलंय. पर सांगा."