पुढाऱ्यांच्या पटक्यात मी

देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या एका थोर पुढाऱ्यांच्या इतक्या जवळ आमच्या घराण्यातलं कोणी आजवर गेलं नव्हतं. मी गेलो. गालाला गाल लागेपर्यंत गेलो, आणि मग मला परत येता येईना.

दोष माझ्या बढायांचा. खुलताबादजवळ मेंढरं राखण्यात हयात घालवलेला माझा मामा त्या पुढाऱ्यांच्या जयंतीला सकाळीच मामीला घेऊन दारात उभा राहिला. हातात गाठोडं, गाठोड्यात लाल पटका. पटका माझ्या आजोबांचा, म्हणजे मामाच्या वडिलांचा. हे पुढारी पूर्वी कधीतरी आपल्या शहरात आले, तेव्हा भर उन्हात उघड्या डोक्यानं बोलत होते. आजोबांना ते बघवेना. डोक्याचा पटका सोडून ते त्यांना बांधायला निघाले, पण गर्दीनं मंचापर्यंत पोचूच दिलं नाही. पटका हातात घेऊन आजोबा बोडक्यानं घरी आले, आणि पुढं मरेपर्यंत त्यांनी तो डोक्याला लावला नाही. "हा आता त्यांचा हाय," म्हणायचे. "नुसता पोचायचा राहिलाय."

"स्मृतिउद्यानात त्यांचा पुतळा हाय म्हनं," मामा म्हणाला. "माझे गुडघे काय शिडी चढायचे नाय. तुला येतो का बांधता?"

"मला? मामा, लग्नात अख्खं वऱ्हाड माझ्यापुढं फेट्यासाठी रांग लावतं." (हे खरं होतं. रांगेतल्या कुणाला मी आरसा दाखवत नसे, हेही खरं.)

उद्यानात उंच खांबावर पुढाऱ्यांचा अर्धपुतळा होता आणि हार घालण्यासाठी शिडी लावलेली होती. वॉचमन हमीदभाई म्हणाले, "जल्दी करो काका. नऊ बजे साहब लोगां आते. फिर किसी को ऊपर नै चढने देते." एवढं सांगून ते फाटक उघडायला गेले.

मी चष्मा सावरत शिडी चढलो, पटक्याचं टोक पुढाऱ्यांच्या कपाळावर दाबलं आणि सवयीनं म्हणालो, "हं, वळा."

पुढारी वळले नाहीत.

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की आजवर मी बांधलेला एकूण एक फेटा समोरच्याला गिरक्या घ्यायला लावून बांधला होता. मी जागचा हलायचो नाही, डोकं फिरायचं. माझी सगळी कला एवढीच!

"काय झालं?" खालून मामा.

"ते हलत नाहीत."

"इंग्रजानं सांगून हलले नाय ते. तुझं ऐकत्यात व्हय?"

तोडगा मामीनं काढला. "त्यास्नी कशाला तरास? आपण फिरू की."

मामानं पटक्याचं दुसरं टोक मेंढ्या हाकायच्या काठीला बांधलं, काठी उंच धरली आणि पुतळ्याभोवती चालायला लागला. माझ्या हातातलं टोक निसटू नये म्हणून मी पुढाऱ्यांना घट्ट मिठी मारली. पहिला फेरा झकास झाला. दुसऱ्या फेऱ्यात उजेड कमी झाला. तिसऱ्यात पुढाऱ्यांचं थंडगार नाक माझ्या गालात रुतलं.

"मामा, थांब. मी पण आत आलोय."

"किती आत?"

"कानापर्यंत."

तेवढ्यात फाटकाशी गाड्या थांबल्या. हमीदभाई धावत आले आणि वर बघून जागीच थिजले. "या अल्ला! पुतले को दो मुंडियां?"

"उलटं फिर मामा, सोडव मला!"

"उलटा फेरा नाय." मामानं काठी जमिनीत रोवली. "चढवलेला मान उतरवत नसत्यात. बापानं जन्मभर वाट बघितली याची. पटका तिथंच राहील. तू निघ भाईर."

"कसा?"

"मेंढरू काटेरी कुपाटीतून निघतं तसा. खालून."

मी पोट आत घेतलं (जेवढं गेलं तेवढं), मान दुमडली, मामीनं दोन्ही पाय धरून हिसडा दिला, आणि शर्टाची तीन बटणं देशाला अर्पण करून मी गवतात येऊन बसलो. जग धूसर दिसत होतं. दमल्यामुळं असेल, म्हटलं.

मामानं काठीची गाठ सोडली आणि हमीदभाई सरसर वर चढले. "हमारे दादा बांधते थे," म्हणत त्यांनी ढिला पटका ओढला, पीळ दिला, शेमला खांद्यावर सोडला आणि साहेब पोचायच्या आत खाली.

साहेब पुतळ्यापुढं थबकले. "काय रुबाब आलाय हो. कोणी बांधला?"

हमीदभाईंनी माझ्याकडं बोट केलं, मी हमीदभाईंकडं. मामा काठी टेकत पुढं झाला.

"आमच्या बापानं," तो म्हणाला. "पोचायला जरा उशीर झाला."

मग मामानं सगळी हकिकत सांगितली. साहेबांनी त्याला पुतळ्याशेजारी मानानं उभं केलं, टाळ्या पडल्या, आणि फोटो निघाला. तो आता मामाच्या घरात दर्शनी भिंतीवर आहे. पटक्यात पुढारी राजासारखे दिसतात, आणि विद्वानही, कारण त्यांच्या नाकावर माझा चष्मा आहे. मामा ताठ उभा आहे, मामी तोंडाला पदर लावून हसते आहे, आणि कडेला मी, हात जोडून, डोळे भरून, अत्यंत भक्तिभावानं शिडीला नमस्कार करतो आहे.