दिघेबाईंकडची दोन वर्षं

नवा कामगार तपासणीला आला की डॉ. दिघेबाई पदर खोचून आधी स्वतः श्वास मोजायच्या यंत्राच्या नळीत फुंकायच्या. त्यांचे फुगलेले गाल पाहून तो हसायचा आणि मग न घाबरता फुंकायचा. परळच्या एका रुग्णालयाच्या मागच्या खोल्यांत त्या गिरणी कामगारांच्या खोकल्यावर संशोधन करत.

मी त्यांच्याकडे फेलोशिपचा अर्ज केला तो संशोधनाच्या ओढीने नव्हे. मला सर्जरीत रेसिडेंट व्हायचं होतं. जागा मोजक्या, आणि मुलींना बाळंतपणाच्या वॉर्डाकडे वळवायची पद्धत. एखादा छापील शोधनिबंध हाती असला तर मला डावलणं जड जाईल, असं वाटलं. मुलाखतीत मी बाईंना ते सांगूनही टाकलं. त्या म्हणाल्या, "चालेल. पण इथे असशील तोवर इथलीच राहा."

तो खोकला मला नवा नव्हता. माझे वडील गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते. लालबागच्या आमच्या खोलीत त्यांच्या खोकल्यानेच उजाडायचं.

आम्ही काही कामगारांना एक नवं औषध देऊन पाहत होतो. एकदा सगळ्यांचाच श्वास सुधारलेला दिसला. मी हरखून निबंध लिहिला आणि बाईंपुढे ठेवला. सर्जरीच्या अर्जाची मुदत जवळ आली होती.

बाईंनी तो वाचला आणि त्या दिवसांत गिरण्या चालू होत्या का, एवढंच विचारलं. नव्हत्या. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. खिडकीतून घोषणा मीही ऐकल्या होत्या, पण धुळीपासून सुटका झाल्यानेही श्वास मोकळा होईल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. औषध न घेतलेल्यांना तर आम्ही तपासलंच नव्हतं.

"मग अजून कळलं नाही," बाई म्हणाल्या. हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

निबंध गेला नाही तर माझी जागा जाईल, असं मी रडवेली होऊन म्हटलं.

"जाईलही. मलाही सर्जरीची जागा मिळाली नव्हती." त्यांनी निबंध माझ्याकडे सरकवला. "हे औषध तू तुझ्या वडिलांना देशील?"

मी निबंध परत घेतला.

सर्जरीच्या मुलाखतीत वर्षभरात काय केलं, असं विचारलं. मी हरताळाची हकीकत जशीच्या तशी सांगितली. एक डॉक्टर हसले. जागा दुसऱ्याला मिळाली.

मी आणखी वर्षभर बाईंकडे राहिले. या खेपेला औषध न घेणाऱ्यांनाही तपासलं. औषधाचा काहीही उपयोग नव्हता. खोकला धुळीचा होता. तसा निबंध छापून आला, आणि पुढच्या मुलाखतीत मला सर्जरीची जागा मिळाली.

निबंधावर बाईंनी माझं नाव आपल्या आधी घातलं होतं. काम तुमचं, मग हे कसं, असं मी निरोप घेताना विचारलं.

"हरताळाची गोष्ट त्या डॉक्टरांसमोर तू सांगितलीस," त्या म्हणाल्या. "न सांगता चाललं असतं. मी काही तिथे नव्हते."