कपाटावर कोणाचं नाव?

मंडळी, आज गारखेड्याच्या नव्या फ्लॅटसाठी पलंग, गादी अन् लोखंडी कपाट घेतलं. बेडरूम एकदाची भरली.

दुकानदार काकांना वाटलं, लग्नाचंच सामान आहे. आपल्याकडं लेकीला कपाट दिलं की दारावर रंगानं लिहितातच, 'आई-वडिलांकडून सप्रेम भेट'. काकांनी वही काढली. "ताई, नवरीचं नाव सांगा. पेंटर फुकटात टाकून देतो."

मी माझंच नाव सांगितलं.

"अन् कोणाकडून?"

एकोणचाळीस वर्षांची बाई मी, स्वतःच्या पगारातून घेतेय. ते सांगायला काय झालं होतं? पण ते न सांगता तिथूनच सिल्लोडला आईला फोन लावला. म्हटलं, "आई, कपाटावर तुझं अन् अण्णांचं नाव टाकू का?"

आई घाईघाईनं म्हणाली, "नको नको बाई! आमचं नाव आत्ताच नको टाकू. तुझ्या लग्नात काय देऊ मग?"

लई राग आला. अजून वाट बघतेय ती! अन् मग रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं. काकांना म्हटलं, नुसतं माझं नाव टाका.

संध्याकाळी टेम्पोतून कपाट आलं. पेंटरनं हाताच्या सवयीनं वर माझं नाव लिहिलंय, खाली 'सप्रेम भेट'. मधली ओळ कोरीच सोडलीय.

डबलबेडच्या एका कडेला बसून मघापासून तेवढीच जागा बघतेय.

तुम्ही असता तर तिथं काय लिहिलं असतं?