होळीतून काढलेलं खोकं

माझे वडील मारायचे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचून कुणी त्यांना देवमाणूस ठरवायला नको. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते बैलांना मारायचे, आईला मारायचे, आणि मला तर मारायचेच. मारताना तोंडातून चकार शब्द काढायचे नाहीत, याचीच मला सगळ्यात जास्त चीड यायची. शिवी दिली असती तर निदान उलट शिवी हासडता आली असती. कार्ल्याच्या डोंगराखाली आमची आंबेमोहर भाताची खाचरं होती, आणि त्या खाचरांवर राबून राबून त्यांचा उजवा हात नांगराच्या फाळासारखा झाला होता.

त्या हाताचा सगळ्यात मोठा मार मी खाल्ला तो इंटर सायन्सच्या परीक्षेवरून. पुण्याच्या कॉलेजात मी शिकत होतो आणि मला इंजिनिअर व्हायचं होतं. त्यासाठी इंटरला फर्स्ट क्लास लागायचा. सेकंड क्लासात पास झालात तर पास होऊनही घरी बसा, पुढचं दार कायमचं बंद. पहिले पेपर बरे गेले आणि गणितात माती झाली. तेव्हा हुशार पोरं काय करायची, तर उरलेल्या पेपरांना बसायचीच नाहीत. त्याला ड्रॉप घेणं म्हणायचे. एक वर्ष घरी अभ्यास करायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा सगळी परीक्षा द्यायची. मीही तेच केलं. ट्रंक उचलली, पॅसेंजर पकडली आणि मळवलीला उतरून चालत घरी आलो.

आबा गोठ्यापुढं कासरा वळत बसले होते. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. फर्स्ट क्लास म्हणजे काय, ड्रॉप म्हणजे काय, हे शहाणपणाचं कसं आहे, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी आर्धं नांगारलं आन् बैल सोडलं?" मी म्हटलं, तसं नाही आबा. पुढचं बोलायच्या आत तो ओला कासरा माझ्या मानेवर बसला. मग पाठीवर, मांडीवर, हात आडवा घातला तर हातावर. आई चूल सोडून धावली आणि मध्ये बसली, तेव्हा दोन फटके तिलाही बसले. मी अठरा वर्षांचा घोडा, त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. हात धरता आला असता. का धरला नाही, ते मला आजही सांगता येत नाही, आणि विचार केला की अजून अंगाचा तिळपापड होतो.

मारून दमल्यावर आबांनी निकाल दिला. एक वरीस. हितंच राहायचं, शेतात राबायचं, मग काय ते वाचायचं. पुढच्या शिमग्यानंतरच्या परीक्षेत पुन्हा बैल सोडलं, तर या घरात पाणीही मिळायचं नाही.

गावात ड्रॉप हा शब्द नव्हता. नापास हा होता. 'नापास इंजनेर' असं माझं बारसं झालं. पोरं मागून टाळ्या वाजवून म्हणायची, बाया पाणवठ्यावर पदराआडून हसायच्या. कामशेतच्या बाजारात एकानं भर गर्दीत विचारलं की काय इंजनेर, यंदा कितव्यांदा नापास? मी त्याच्या तोंडावर अशी ठेवून दिली की पुढचा दात पडला. त्याच्या चुलत्यांनी मला भाजीच्या पाट्यांत लोळवून तुडवलं. घरी आलो तर आबांनी माझं सुजलेलं तोंड बघितलं आणि विचारलं, त्याचं काय झालं? दात पाडला म्हणालो. जेव म्हणाले. वर्षभरातला तो आमचा सगळ्यात गोड संवाद.

अभ्यासाची सोय अशी होती: मामा खंडाळ्याला एका बंगल्यात माळी होता, त्यानं तिथून चहाचं रिकामं खोकं आणून दिलं होतं. प्लायवूडचं, कडांना पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेलं, आतून चंदेरी कागदाचं अस्तर. पडवीत आडवं ठेवलं की वर लिहायचं आणि आत पुस्तकं, तोंडाला झाकणाची फळी. त्यातच माझी प्रॅक्टिकलची जर्नल होती, सरांच्या सह्या असलेली. ती दाखवल्याशिवाय परीक्षेला बसू द्यायचे नाहीत. पहिल्याच आठवड्यात निळी शाई सांडून खोक्यावर भला मोठा डाग पडला. आबा येता जाता त्या खोक्याला लाथ घालायचे. एकदा सुद्धा हात लावला नाही, पण लाथ मात्र चुकली नाही.

दिवसभर मी त्यांच्याबरोबर शेतात. चिखलणीला बैल थकून बसला की त्याच्या पाठीवर वळ उठायचे, आणि मी हळू चाललो की माझ्या. दिवाळीनंतर झोडणी आली. भाताची पेंडी दोन्ही हातांनी उचलायची आणि दगडावर आपटायची, दाणे उडून अंगावर ओरखडे उठतात. आबा माझ्याकडं रोखून बघत आपटायचे. मीही त्यांच्याकडं बघत आपटायचो. दोघांच्या मधल्या त्या दगडावर आम्ही एकमेकांना काय काय केलं असेल, ते त्या दगडालाच ठाऊक. त्या वर्षी आमच्या पेंढ्यात एक दाणा राहिला नाही, असं आई म्हणायची. संध्याकाळी बोटं वळायची नाहीत, आणि त्याच बोटांनी मी कंदिलापुढं गणितं सोडवायचो.

मग शिमगा आला. परीक्षा तोंडावर आली होती.

आमच्याकडं होळीची लाकडं विकत आणत नाहीत आणि मागतही नाहीत. पोरं ती चोरतात. कुंपणाचा मेढा, मोडकी बाज, गाडीचं जू, दाराची फळी, जे हाताला लागेल ते. मालकानं राखण करावी, शिव्या द्याव्यात, पोरांच्या मागं धावावं, सगळं चालतं. पण एकदा वस्तू होळीत पडली की ती होळीची. तिच्याकडं हात करायचा नाही. केला तर गावावर संकट येतं, असं सगळे मानायचे. होळी पेटवायचा मान आमच्या घराचा होता, म्हणून आबा या बाबतीत सगळ्यांत कडक. आदल्या वर्षी खालच्या आळीतल्या एका शेतकऱ्याचं नवं कोरं जू पोरांनी पळवलं. त्याला सहन झालं नाही, त्यानं पेटत्या होळीतून ते ओढायला हात घातला. आबांनी सगळ्या गावादेखत त्याच्या पाठीत काठी घातली, ती तो आडवा होईपर्यंत. जू जळून गेलं. आबांचं चुकलं असं तेव्हा कुणी म्हटलं नाही, त्या शेतकऱ्याच्या भावांनीसुद्धा.

मानकऱ्याच्या घरातून काही चोरीला जात नाही, अशी माझी समजूत होती. पोरांची समजूत उलटी होती. मानकऱ्याच्या घरचं लाकूड होळीत पडलं तर गावाचं भलं होतं, आणि तेही नापास इंजनेराच्या टेबलाचं म्हणजे मज्जाच. आत पुस्तकं आहेत हे त्यांच्या गावीही नसावं. जड लागलं तेव्हा चांगलं भरीव लाकूड आहे असंच त्यांना वाटलं असणार. आई आणि मी नैवेद्य घेऊन देवळापुढच्या माळावर गेलो तेवढ्यात त्यांनी डाव साधला.

आबांनी फेरा घातला, नारळ टाकला, होळी पेटवली. ज्वाळा माणसाच्या दुप्पट उंच गेल्या. सगळ्यांनी बोंब ठोकली, मीही ठोकली, वर्षभराचा सगळा राग त्या बोंबेत ओतला. मग पोरं एकेक चोरीचा माल आणून टाकायला लागली. ज्याची वस्तू असेल त्याच्या नावानं शिमगा, लोक हसून लोटपोट. आणि दोघं जण खांद्यावर एक खोकं घेऊन पळत आले. त्याच्यावर निळा डाग होता.

मी ओरडलो. माझी ओरड बोंबेतच विरली. खोकं जाळात पडलं, ठिणग्यांचा लोट उठला, आणि मी धावलो. मला काही दिसत नव्हतं, फक्त ती निळी जागा काळी पडताना दिसत होती. जाळाची धग तोंडाला लागली आणि मी उजवा हात पुढं केला.

छातीवर काठी बसली. त्या वर्षातला सगळ्यात जोराचा फटका तो. मी उताणा पडलो, श्वास बंद. वर आबा उभे होते. मला वाटलं, झालं, आता जू ओढणाऱ्याची झाली तशी माझी गत होणार, आणि पोटच्या पोराला सोडत नाही म्हणून गाव यांना डोक्यावर घेणार. त्यांनी काठी फेकून दिली.

"माघारी हो," आबा म्हणाले. "तुजा हात लिवायचा हाय."

आणि ते जाळात शिरले. काखेत तोंड खुपसून वाकले आणि उजव्या हातानं खोक्याची कड धरली. कड पत्र्याची होती. तो आवाज मला आजही तव्यावर काही टाकलं की ऐकू येतो, म्हणून मी स्वयंपाकघरात थांबत नाही. त्यांनी सोडलं नाही. एक हिसका, दुसरा हिसका, आणि खोकं निखाऱ्यांसकट माळावर गडगडत आलं, पुस्तकं विखुरली. आतल्या अस्तरानं जाळ अडवला होता. जर्नलच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, सह्या शाबूत होत्या.

बोंब थांबली होती. मग गेल्या वर्षी ज्याची पाठ फुटली तो पुढं आला. त्याच्या हातात आबांचीच काठी होती, उचलून घेतलेली.

"माजं जू जळालं तवा?" त्यानं विचारलं.

पहिला घाव आबांच्या खांद्यावर बसला, दुसरा डोक्यावर, आणि मग बाकीचे तुटून पडले. मी मधे घुसलो. ठोसे मारले, चावलो, कुणाच्या तरी कानाचा लचका तोडला, माझं डोकं फुटलं, डोळ्यांत रक्त उतरलं. आबांनी मात्र एकदाही हात उगारला नाही. उजवा उचलत नव्हता, आणि डाव्यानं मारायची त्यांना सवय नव्हती. आई त्या सगळ्या लाथाबुक्क्यांच्या मधून वाकून वाकून गरम पुस्तकं पदरात गोळा करत होती. तिच्याही कंबरेत लाथ बसली. तिनं एक पान सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली. होळीचा मान आमच्या घरातून काढला, आणि आमच्या बांधावर कुणी कामाला जायचं नाही असं ठरलं. आबा खाली बसून ऐकत होते. न्याय झाला, एवढंच घरी येऊन म्हणाले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, कसला न्याय, जनावरं आहेत सगळी.

लोणावळ्याच्या दवाखान्यात हात बांधून घेतला. पट्टी रोज बदलायला हवी होती, पण रोज कोण जाणार? आई कोरफड लावायची. तीन बोटं तळव्याला चिकटून बसली ती कायमची.

मी डोक्याला पट्टी बांधून परीक्षेला गेलो. जर्नल उघडली की धुराचा वास सुटायचा. प्रॅक्टिकलला तपासणाऱ्या सरांनी नाक मुरडलं आणि हे काय म्हणून विचारलं. होळीत पडली होती म्हणालो. ते हसले. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. गणिताचा पेपर हातात आला तेव्हा मी त्याच्याकडं दगडाकडं बघावं तसं बघितलं. मी ते पेपर लिहिले नाहीत, झोडले. दाणा शिल्लक ठेवला नाही.

फर्स्ट क्लास आला. कॉलेजात नावही लागलं. आणि त्याच सुमाराला भाताची लावणी आली.

आमच्याकडं लावणी एकट्या घराची नसते. आज तुझ्या खाचरात सगळे, उद्या माझ्या. त्या वर्षी शेजारच्या खाचरांत तीस तीस माणसं गाणी म्हणत वाकलेली आणि आमच्या खाचरात तिघं. आबांनी उजवं मनगट नांगराच्या रुमण्याला, म्हणजे मुठीच्या दांड्याला, फडक्यानं बांधलं होतं. बैल वळला की ते त्याच्याबरोबर फरपटत वळायचे. दोनदा चिखलात तोंडावर पडले. पलीकडच्या बांधावरून कुणी हसलंसुद्धा नाही, ते मला जास्त लागलं.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी आवणाची, म्हणजे भाताच्या रोपांची, मूठ चिखलात टाकली आणि त्यांना सांगितलं की मी जात नाही. नांगर मी धरतो. कॉलेज काय, पुढं कधीही करता येईल.

आबांनी दातांनी फडक्याची गाठ सोडली. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आणि मग त्यांनी मला मारलं, डाव्या हातानं, कानाखाली. हात उंच गेला, डगमगला आणि गालाला कसाबसा घासून खाली आला. चिखल लागला, बाकी काही नाही. त्यांनी पुन्हा उचलला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ते स्वतःच घसरले आणि मी त्यांना बगलेत धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. ते हलके होते.

आयुष्यभर त्यांचा मार खाल्ला आणि कधी रडलो नव्हतो. त्या दिवशी लागलं नाही म्हणून रडलो. त्यांना मी माफ केलंय असं कुणी समजू नये; आईच्या कंबरेचं दुखणं शेवटपर्यंत राहिलं आणि त्यातलं सगळंच काही त्या होळीतलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी गालावरचा चिखल न धुता मळवलीला गेलो. तिकीट काढलं आणि पुण्याच्या पॅसेंजरमध्ये बसलो.