जिवंत माणसाला सवलत नाही

आधीच हसू नका. चहा येऊ द्या, सगळं सांगतो. तोवर एवढंच ऐकून ठेवा, की मी माझ्या सख्ख्या सासऱ्यांना मारलं. तेही पैसे वाचवायला! आणि ते अजून धडधाकट आहेत, रोज फोन करतात, हीच तर पंचाईत आहे.

झालं असं, की आमच्या हिची, म्हणजे सुनंदाची, आजी कोळवणला वारली. गंगूबाई. नव्वदी केव्हाच ओलांडलेली. आदल्या संध्याकाळपर्यंत अंगणात बसून कोंबड्यांना शिव्या देत होती. दूध-भाकरी खाल्ली, झोपली, ती उठलीच नाही. असं मरण कुणाला मिळतं? त्यामुळे रडारड झाली, पण बेताची. दोन-तीन दिवसांत तर ओसरीवर म्हातारीच्या गोष्टी सांगून माणसं हसायला लागली होती.

म्हातारीचा थोरला मुलगा म्हणजे माझे सासरे, दगडूभाऊ. गावचे माजी सरपंच. मी त्यांना मामा म्हणतो. त्यांनीच विषय काढला.

"दशक्रियेचं पेपरात छापाया पायजे. मुंबईची मान्सं हायेत, पुन्याची हायेत. पेपर वाचून येत्यात."

आता मी तिथं गप्प बसावं की नाही? पण समोर सगळी भावकी बसलेली, आणि मी बावधनला फ्लॅटमध्ये राहणारा, माणच्या कंपनीत नोकरी करणारा, शिकलेला जावई! तोंडातून निघूनच गेलं, "मामा, ते माझ्याकडे लागलं. खर्चासकट!"

"फोटूसकट?"

"फोटोसकट!"

भावकीनं अशा काही कौतुकानं माना डोलावल्या, की मला वाटलं, पुढचा सरपंच मीच.

दुसऱ्या दिवशी बावधनला जाहिराती घेणाऱ्या देवकुळ्यांकडे गेलो. एका झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यात त्यांचं टेबल. शांत माणूस. चेहराच असा, की समोर बसलं की आपोआप आपल्या घरी काहीतरी वाईट घडल्यासारखं वाटावं.

"रंगीत, फोटो, फुलांची चौकट, खाली नातेवाइकांची नावं," मी ऐटीत सांगितलं.

देवकुळ्यांनी कॅल्क्युलेटर बडवला आणि माझ्याकडे फिरवला. खोटं नाही सांगत, मला आधी वाटलं, ते त्यांचा मोबाईल नंबर दाखवतायत.

"अहो, मला अख्खं पान नकोय!"

"हा अख्ख्या पानाचा नाहीच. चौरस सेंटीमीटरवर दर असतो, साहेब. आणि हा सवलतीतला आहे. निधनाच्या जाहिरातीला आम्ही सवलत देतो. दुःखाचा प्रसंग असतो."

"हा आकडा घरी सांगितला, तर आणखी एक प्रसंग होईल."

ते हसले नाहीत. रोज ऐकत असणार.

मग मी कात्री काढली. आधी रंग गेला. मग फुलं गेली. फोटो गेला. म्हटलं, म्हातारीला सगळे ओळखतात, फोटो कशाला? 'दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे, परतवंडे' याचं 'मोठा परिवार' केलं. मग परिवारही काढला. तरीही आकडा माझ्या डोळ्यांत खुपतच होता.

घरी आलो आणि देवकुळ्यांना मेसेज टाकला, "वरचं ठळक अक्षरातलं आजींचं नाव काढा. आत मजकुरात आहेच."

जेवताना पुन्हा डोकं चाललं. दुसरा मेसेज टाकला, "आतलं 'यांच्या मातोश्री गंगूबाई' हेही काढा. वर ठळक आहेच."

तुम्ही का हसताय? माणसाचं होतं असं! पहिला मेसेज मी विसरलो होतो आणि देवकुळे विसरणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी दोन्ही काढलं. वर मला मजकूर तपासायलाही पाठवला, "एकदा नजर टाका, साहेब." टाकली की मी नजर! किती ओळी झाल्या, तेवढं पाहिलं. चार! आनंदानं अंगठा पाठवला.

पेपर आला त्या सकाळी मी दाढी करत होतो. फोन वाजला. सुनंदाचे ठाण्याचे काका. फोनवरच हुंदके.

"प्रकाश, आई गेली ते वयानं गेली. पण पाठोपाठ आमचा दादाही?"

"कुठला दादा?"

"अरे, दगडूदादा!"

तोंडाला फेस तसाच ठेवून दारातला पेपर उघडला. ठळक, स्वच्छ, चार ओळींत छापलं होतं: 'कोळवणचे माजी सरपंच दगडूभाऊ यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. दशक्रिया विधी रविवारी सकाळी नदीघाटावर होईल.'

माझ्या खांद्यावरून सुनंदा वाचत होती. तिनं चारही ओळींवरून बोट फिरवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, माझे आण्णा कधी गेले?"

"गेले नाहीत. मी काटकसर केली."

तडक गाडी काढून कोळवणला निघालो. वाटेत उसंत कुठे होती? फोनवर फोन. आणि प्रत्येकाला गोष्ट पटलेली! "आईचा धक्का बसला असेल," "लेकरू होतं हो आईचं," "तरी मी म्हणत होतो, दादा खचलेत." मी म्हणायचो, "अहो, ते जिवंत आहेत." पलीकडून उत्तर यायचं, "तुम्ही स्वतःला सावरा, जावईबापू."

कोळवणला पोचलो, तर घरासमोर जिपांची रांग. एसटीतून उतरलेली माणसं पांढऱ्या टोप्या नीट करत चाललेली. एक बाई वेशीपासून गळा काढत आली, ओसरीवर चढली, समोर दगडूभाऊ दिसले आणि मटकन खाली बसली. दगडूभाऊंनीच उठून तिला पाणी दिलं.

तालुक्याचे एक पुढारी हार घेऊन आले होते. मामांना पाहून ते दारातच थबकले. हार कुठे लपवावा, ते त्यांना कळेना.

"आनलाच हाय तर घाला की," मामा म्हणाले.

त्यांनी घातला. मामा हार घालूनच बसले. हातात पेपर. मला पाहिलं आणि बोटानं जवळ बोलावलं. आता कानाखाली बसणार, असं समजून मी चष्मा काढला.

"जावईबापू, चार वळी?"

"मामा, चूक झाली..."

"धा वर्सं सरपंच व्हतो मी. चार वळी? हितं खाली बघा, बोकड हरवल्याची जाहिरात हाय. ती माझ्यापरीस मोठी हाय! बोकडाचा फोटूबी हाय!"

ओसरीवर हशा पिकला. मीही हसलो, सुटलो असं वाटलं.

"आन 'वृद्धापकाळानं' म्हंजी? आजून नांगर धरतो मी." मग त्यांनी पेपराची घडी केली आणि आवाज खाली आला. "माझं ऱ्हाऊ द्या. म्हातारीचं नाव कुटं हाय? जल्मात येकदाच छापून येनार व्हतं तिचं नाव."

याच्यापेक्षा कानाखाली बसली असती तर बरं झालं असतं. खरंच सांगतो. मी तिथल्या तिथं म्हणालो, "मामा, उद्याच छापतो. तुम्ही सांगाल तसं. एक अक्षर कमी करणार नाही."

मामांनी मग मनसोक्त सांगितलं. वर म्हातारीचा मोठा फोटो, सगळ्या नातवंडा-परतवंडांची नावं. त्याखाली मामा हयात असल्याचा खुलासा, फेटा बांधलेला रंगीत फोटो घालून. "आन चूक करनाऱ्या जावयाचंबी नाव घाला. फोटू घाला. लोकं ईचारत्यात, कंचा जावई?"

पुन्हा देवकुळे. पुन्हा कॅल्क्युलेटर.

"आजींचा भाग सवलतीत बसेल," ते म्हणाले. "सासऱ्यांचा मात्र पूर्ण दर."

"का हो?"

"सवलत निधनाला असते. ते हयात आहेत ना?"

"आहेत."

"जिवंत माणसाला सवलत नाही, साहेब."

"आणि माझा फोटो?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तुमचाही पूर्ण दर. सध्या."

आकडा पुन्हा मोबाईल नंबराएवढा झाला. पण दिलेला शब्द होता. मी खिशात हात घातला. तेवढ्यात देवकुळ्यांना माझी दया आली असावी. म्हणाले, "तुमचा फोटो साधा, काळा-पांढरा करून आजींच्या चौकटीत बसवला, तर तेवढा सवलतीत जाईल. जागाही वाचेल."

मामांनी फोटो घाला म्हटलं होतं. कुठे घाला, ते कुठे म्हटलं होतं?

"बसवा!" मी म्हणालो.

शनिवारी पेपर आला. खाली फेट्यातले मामा, रंगीत, टवटवीत, हयात. आणि वर काळ्या चौकटीत, 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या खाली, शेजारी शेजारी गंगूबाई आणि मी. माझा तर कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो, त्यात मी तसाही जिवंत दिसत नाही.

मी आंघोळीला गेलो होतो. दाराआडून सुनंदाचा फोन ऐकू येत होता. पलीकडे माझे साहेब असावेत, कारण ती अगदी अदबीनं बोलत होती.

"नाही हो सर, अजून नाही झालं तसं काही. ते आंघोळीला गेलेत. बाहेर येऊ द्या, मग कळवते."