कोळपे सरांचा शनिवारचा वर्ग

फोन आला तेव्हा मी गॅसजवळ उभी राहून शेंगदाणे भाजत होते. फोनवर कोळपे सरांचं नाव दिसलं, म्हणून हॅलोबिलो न म्हणता मी थेट सुरुवातच केली, "आवाज बसलाय तर चारचा वर्ग रद्द करा म्हणून सांगितलं होतं ना मी? ऐकायचं नाही म्हणजे नाहीच..." पलीकडे कुणीतरी घसा खाकरला. "मॅडम, मी दगडू बोलतोय. त्येंचा धाकटा भाऊ, राहू गावचा. शिरूरलाच आलोय आता. दादा गेलं वो... सकाळी चहा ठिवला आन् तिथंच खाली बसलं. शेजारच्यांनी दार उघडलं तवा काय राहिलं न्हवतं." मी "बरं" म्हणाले. अशा वेळी माणूस बरं का म्हणतो कोण जाणे. शेंगदाणे पार करपले, आणि तो वास पुढं दोन दिवस घरातून गेला नाही.

तो शनिवार होता. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की चार वाजता मुलं वर्गात येऊन बसतील आणि सर येणार नाहीत, तर त्यांना सांगणार कोण? मी ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या ग्रुपवर लिहिलं, "आजचा वर्ग होणार नाही." कारण लिहायला हात धजेना. लगेच अंगठे आले. एकानं तर टाळ्या वाजवणारे हात पाठवले. त्याला काय माहीत बिचाऱ्याला. पण मला त्याचा असा राग आला, की समोर असता तर कान धरला असता.

सरांना त्यांच्या गावी, राहूला आणलं होतं; मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. मी बायकांत जाऊन बसले. सरांची मुलगी अजून वाटेतच होती, बेंगळुरूहून यायची होती. एका म्हातारीनं माझ्याकडं निरखून बघत विचारलं, "तुमी कोण त्येंच्या?" मी म्हणाले, "आम्ही बरोबर नोकरीला होतो." खरं तेच होतं, पण बोलल्यावर ते इतकं तोकडं वाटलं की मलाच लाज वाटली. मी बहीण नाही, भावजय नाही, नात्याचा कुठलाच शब्द मला लागू पडत नाही. मग सरांची भावजय डोळे पुसत म्हणाली, "आत्याबाई, त्या शनवारच्या मॅडम हायेत. दादा सांगायचं न्हाई का?" आणि मघापासून कोरडी बसलेली मी तिथं रडले. त्या घरात मला एक नाव होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

किसन कोळपे आणि मी शिरूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. ते विश्लेषणाचं रसायनशास्त्र, म्हणजे कशात काय आणि किती आहे ते मोजून काढायचं शास्त्र. मी सेंद्रिय. आमच्या विषयात वास असतात, रंग असतात, भानगडी असतात, आणि त्यांच्या विषयात नुसता दशांश चिन्हानंतरचा आकडा, असं मी त्यांना चिडवायची. ते शांतपणे म्हणायचे, "मॅडम, तुम्ही बनवा. खरं बनलंय का ते आम्ही सांगतो." इतकी वर्षं झाली, मी त्यांना सर आणि ते मला मॅडम. यात कधी बदल झाला नाही.

ज्यांनी महाराष्ट्रात विज्ञान शाखेत पाय ठेवलाय त्यांना "सी. बी. आर." वेगळं सांगायला नको. ब्युरेट म्हणजे खुणा केलेली, खाली तोटी असलेली उभी काचेची नळी. तिच्यातून थेंब थेंब द्राव खालच्या बाटलीत सोडायचा, रंग बदलला की थांबायचं आणि किती लागला ते लिहायचं. असं तीनदा करायचं आणि जुळणारा आकडा धरायचा, तो सी. बी. आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. आमची मुलं काय करतात? एकदा करतात आणि तिन्ही रकान्यांत तोच आकडा लिहितात. त्याहून हुशार असतात ती एकदाही करत नाहीत, गेल्या वर्षीच्या मुलांचा आकडा आणतात. एकदा कोळपे सरांनी अख्ख्या बॅचच्या बाटल्यांत आम्लाऐवजी नुसतं पाणी भरून ठेवलं. आम्लच नाही म्हटल्यावर पहिल्याच थेंबाला गुलाबी रंग यायला हवा, आणि आलाही. मुलं गडबडली, इकडंतिकडं बघितलं, आणि सगळ्यांनी मुकाट्यानं गेल्या वर्षीचंच दहा पूर्णांक दोन लिहिलं. तीनदा. सर वह्या बघत गेले. मग फळ्यापाशी उभे राहून म्हणाले, "डोळ्यांनी दिसलं ते लिहायला तुम्ही कुणाला भिता रे?" रागावले नव्हते, त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. स्टाफरूममध्ये आल्यावर मला म्हणाले, "त्यांची चूक न्हाई, मॅडम. जुळलं तरच मार्क देतो आपण."

स्वतःच्या बोलण्यातही त्यांचं हेच. कुठलंही माप सांगितलं की त्यात किती इकडंतिकडं होऊ शकतं ते सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. शिरूरहून दौंडला यायला किती वेळ लागेल म्हणून विचारलं, तर म्हणणार, "दीड तास, प्लस-मायनस उसाचा ट्रॅक्टर." गळीत हंगामात न्हावरे-इनामगावच्या रस्त्यानं आलेल्या माणसाला यातलं शास्त्र कळेल. त्यांचे वडील मेंढरं घेऊन फिरलेले, आई शेवटपर्यंत राहूला. पोरगा कॉलेजात काय करतो ते तिला कधी उमजलं नाही. मी एकदा घरी गेले तर म्हणाली, "आमचा किसन गिलासात पानी मोजतो आन् सरकार त्येला पगार देतंय. तुमी बी त्येच करता व्हय?" सर हसून हसून बेजार झाले. पुढं कित्येक दिवस मला व्हरांड्यात बघितलं की विचारायचे, "काय मॅडम, मोजलं का पानी?"

निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांच्या पत्नी, वत्सलाताई गेल्या. मी तोवर मुलाकडं दौंडला राहायला आले होते. सर शिरूरच्या घरात एकटे. त्याच सुमाराला एका विद्यापीठानं मोजमापाचा ऑनलाइन अभ्यासक्रम काढला आणि सरांना शिकवायला बोलावलं. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांतल्या लॅबमध्ये काम करणारी पोरं, बाहेरच्या राज्यांतून आलेली काही, कॉलेजातली काही. सरांनी त्यांच्यासाठी घरबसल्या करायचं प्रात्यक्षिक शोधून काढलं. खायचा चुना पाण्यात कालवून वरची निवळी घ्यायची, तिच्यात चिमूटभर हळद टाकायची, की ती लाल होते. मग मेडिकलमधली बिनसुईची सिरिंज आणायची आणि पातळ केलेला लिंबाचा रस तिच्यातून थेंबाथेंबानं सोडायचा. लाल जाऊन पिवळा रंग आला की थांबायचं. तीनदा करायचं आणि तिन्ही आकडे जसे येतील तसे लिहायचे. त्यांचा ओटा कायमचा पिवळा झाला. "आज वत्सला असती तर मला घराबाहेर काढलं असतं," असं एकदा म्हणाले.

पण तो वर्ग त्यांना सोसवेना. पडद्यावर नुसते काळे चौकोन आणि त्यांत नावं. कॅमेरे बंद, आवाज बंद. सर प्रश्न विचारायचे आणि थांबायचे. उत्तर नाही. एकदा ते चिडून बोलले, की तोंडं दाखवा, नाहीतर मी बंद करतो. त्यावर कासुर्डीच्या एका मुलीनं लिहून पाठवलं, "सर, आमच्या घरी एकच खोली आहे. सगळे इथंच बसलेत." दुसऱ्यानं लिहिलं, "सर, कंपनी की बस में हूँ।" सरांनी तिथल्या तिथं माफी मागितली. संध्याकाळी मला फोन केला. "मॅडम, पोरांचं बरोबर हाय. बंद असू द्या त्येंचं. पण मला भिताडासंगं बोलता येत न्हाई वो. शिकवताना समोरच्याच्या तोंडाकडं बघून कळतं, पोचलं का न्हाई. तुम्ही येऊन बसता का? नुसत्या बसा."

आणि मी बसले. सेंद्रियवाली मी, म्हातारपणी मोजमापाच्या वर्गात विद्यार्थिनी. शनिवारी दुपारी साडेतीनला मी केस विंचरायची, बरी साडी नेसायची आणि खिडकीजवळच्या टेबलाशी कॅमेरा चालू करून बसायची. सून हसायची, "आई, लग्नाला निघालात का?" सर एखादी गोष्ट समजावून सांगायचे आणि थांबायचे. मला समजली असेल तर मी मान हलवायची. नसेल तर कपाळाला आठी घालायची, की ते म्हणायचे, "हे नीट झालेलं दिसत नाही, पुन्हा सांगतो." पलीकडच्या पोरांना वाटत असणार, सरांना कसं बरोबर कळतं! वर्ग संपला की त्यांचा फोन. तास कसा झाला, कुठं अडखळलं, आणि मग भाजी काय केली, गुडघा काय म्हणतोय. एवढंच. आयुष्याच्या त्या टप्प्यावर दोन माणसांना एकमेकांकडून आणखी काय हवं असतं, मला तरी ठाऊक नाही. घरात माझी माणसं आहेत, चांगली आहेत. पण आठवड्यातून एक तास कुणाला तरी माझ्या कपाळावरची आठी लागायची, हे सुख निराळं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. सरांनाही नाही.

विद्यापीठाचे समन्वयक सरांच्या मागं लागले होते, की वर्ग कशाला घेता, एकदाच सगळं रेकॉर्ड करून टाका. वर्गात येणारी मुलंही कमी झाली होती. सर हटले नाहीत. "रेकॉर्डिंगला शंका विचारता येत नाही," म्हणाले. "तुमच्या वर्गात तरी कुठं कुणी विचारतं?" असं ते गृहस्थ म्हणाल्यावर सरांनी उत्तर दिलं, "एक बाई आठी घालतात." हे मला त्यांनी स्वतः सांगितलं आणि मी त्यांना वेड्यात काढलं. शेवटच्या शनिवारी त्यांना खोकला होता, वर्ग लवकर आटोपला. एकच प्रकरण राहिलं होतं, मापातली अनिश्चितता. म्हणजे आपण मोजलेल्या आकड्यावर आपण किती विसंबायचं ते प्रामाणिकपणे सांगणं. त्यांचं सगळ्यांत लाडकं. "हे घाईत उरकायचं नाय," म्हणाले, "पुढच्या शनिवारी निवांत घेऊ."

दहावा झाल्यावर समन्वयकांचा फोन आला. फार वाईट झालं म्हणाले. मग म्हणाले, उरलेल्या प्रकरणाचं दुसऱ्या कुणाचं तरी रेकॉर्डिंग लावू, मुलांचं नुकसान नको. बोलणं चांगलं होतं, चूक काहीच नव्हती. पण माझं डोकं सटकलं. ज्या गोष्टीसाठी हा माणूस खोकत खोकत बसला, ती तो गेल्याबरोबर इतक्या सहज मिटवायची? मी म्हणाले, "प्रकरण मी घेते. रेकॉर्डिंग नको. शनिवारी चारला." ते म्हणाले, "मॅडम, तुमचा विषय तर सेंद्रिय ना?" मी म्हणाले, "विषय सरांकडूनच शिकलेय, त्यांच्याच वर्गात." फोन ठेवल्यावर घाम फुटला. सून म्हणाली, "आई, एवढं कशाला मनाला लावून घेताय? तुमच्या कॉलेजातलेच होते ना कुणीतरी?" मी "हो" म्हणाले आणि वाचायला बसले.

चारला मी वर्ग सुरू केला. चौकोन एकेक करून आले, काळे, नुसती नावं. कुणीतरी लिहिलं, "मॅडम, कोळपे सर को हम बहुत याद करेंगे।" कासुर्डीच्या मुलीनं काहीच लिहिलं नाही, पण ती होती. मी शिकवायला लागले. तेच पाणी सलग तीनदा मोजलं आणि तीन आकडे वेगळे आले, तर खोटं त्यात काहीच नाही, हे सांगितलं. मग प्रश्न विचारला आणि थांबले, सर थांबायचे तशी. कुणी बोलेना. मी पडद्यावर चेहरा शोधायला लागले. मला कळायला हवं होतं, पोचलं का नाही. आणि तेव्हा दिसलं, की सगळ्या काळ्या चौकोनांत चेहरा एकच आहे, खिडकीजवळ बसलेली, केस विंचरलेली, बरी साडी नेसलेली मी. दर शनिवारी सरांना जे दिसायचं, अगदी तेच. इतके दिवस मी त्यांच्याकडं बघत होते, ते काय बघत होते ते मला आज दिसत होतं... आता माझ्यासमोर बसायला कुणाला बोलावू? माझ्या कपाळाला आठी पडली होती. म्हणजे नीट झालेलं नव्हतं.

"पुन्हा सांगते," मी म्हणाले, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.