होडीचं नाक आणि माझ्या तिरक्या रेघा

गेल्या रविवारी बेलापूरजवळ, दिवाळे गावच्या खाडीकाठी माझी चांगलीच जिरली... आणि त्याचा आनंद अजून उतरलेला नाही.

मी ग्राफिक डिझायनर, माहेर सोलापूरचं. सासर कोळ्यांचं. लग्नाला दोन वर्षं झाली, पण बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, माझ्याशी बोलणं 'जेवलीस काय?' यापुढे फारसं गेलेलं नाही. म्हणून नव्या होडीवर काय रंगवायचं हे त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी हवेतच होते.

म्हटलं, नेहमीचे मासे-फुलं नकोत. दोन्ही अंगांना फक्त तीन तिरके पट्टे... पांढरा, पिवळा, लाल. आडवी रेघ झोपते, उभी थांबते, तिरकी पळते, असं कॉलेजात शिकले होते. बाबा 'बरं' म्हणाले.

रविवारी मी प्रिंट काढलेला मोठा कागद होडीवर धरून मास्किंग टेप लावली. आधी उजवी बाजू, मग तोच कागद डावीकडे. सोमवारी पूजा करून होडी पाण्यात जायची होती.

बाबांनी उजवी बाजू रंगवली. निळ्या रंगावर ते पट्टे होडीच्या पुढच्या टोकाकडे चढत गेले आणि माझ्या अंगावर काटा आला. होडी टेकूवर उभी होती, पण निघाल्यासारखी दिसत होती!

मग ते डावीकडे आले. ब्रश टेकवायच्या आधी टेपच्या रेघांकडे बघून हळूच म्हणाले, "सूनबाय, तिकरून होरी पान्यान चाललीय. इकरून बुरतंय गो."

इकडून बुडतेय? मला आधी कळेचना. मग दिसलं... या बाजूने होडीचं तोंड डाव्या हाताला येतं, आणि माझे पट्टे तोंडाकडे उतरत होते. थेट नाक पाण्यात! दिवसातून शंभरदा 'फ्लिप'चं बटण दाबणारी मी, कागद न उलटता लावून मोकळी झाले होते. तेही नव्या होडीवर, पूजेच्या आदल्या दिवशी. मी रडायचीच बाकी होते.

बाबांनी टेप उपटली. सुतळीला चुना चोळला, एक टोक मला मागे खाली धरायला लावलं, दुसरं स्वतः पुढे वर धरलं आणि ताणलेली सुतळी उचलून झटक्यात सोडत सूत मारलं. रेघ उमटली. अशा सहा रेघा... ना पट्टी, ना माप.

ते रंग कालवायला गेल्यावर मी गुपचूप माझा कागद उलटा करून त्यावर धरला. बोटभरही फरक नव्हता!

"बाबा, हे कुठे शिकलात?"

"त्यान काय शिकायचंय? पानी रोज दावतंय."

सोमवारी पूजेला गाव जमलं. कोणीतरी विचारलं, हे पट्टे कोणी काढले? मी मान खाली घातली.

बाबा म्हणाले, "आमचे सूनबायनी कारलंय."

होडी पाण्यात उतरली, दोन्ही अंगांनी नाक वर करून. आणि काठावर, सगळ्या गावात, मीसुद्धा.

थँक्यू, बाबा.